रानवाटेची इर्जिक

तीन माणसांच्या ऑफिसात काम जमायला वेळ लागतो, किस्से मात्र आपोआप जमतात. कोपऱ्यातल्या धुळीसारखे! झाडू मारला नाही की झालं. आम्ही काही झाडू मारणाऱ्यातले नव्हतो, त्यामुळे आमच्याकडे भरपूर आहेत. चार ओळखीचे भेटले की "ते सुभेदारांचं सांग", "ते क्यूसाहेबांचं सांग" अशी फर्माईश होते. आणि मला काय, सांगायला आवडतंच.

आधी माणसं सांगते. विश्वास आटपाडीकडचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडी डाळिंबं. पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत चांगल्या नोकरीला होता, ती सोडून साताऱ्यात आला. दिग्विजय, म्हणजे आमचा दिग्या, साताऱ्याचाच. त्याच्या घरातले निम्मे लोक ऊस लावतात आणि निम्मे फौजेत जातात, हा दोन्हीकडून सुटलेला. आणि मी फलटणची, चित्रं काढणारी.

आता काम. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेली आणि सगळ्यांना फुकट वाटलेली कॉम्प्युटरची सिस्टिम. तिच्यावर गेम बनवायचा म्हटलं की चांगली अवजारं कमी पडतात. विश्वास असं एक अवजार बनवत होता, 'रानवाट' नावाचं. माउस ओढत न्यायचा, की डोंगर उठतो, ओढा वाहतो, पायवाट पडते, गेममधला अख्खा मुलूख उभा राहतो.

ते पुरं करायला आम्ही क्राउडफंडिंग करायचं ठरवलं. इंटरनेटवर अपील टाकायचं, जगभरच्या लोकांनी थोडंथोडं द्यायचं. मुदतीत आकडा भरला तर पैसे आपले. नाही भरला, तर ज्याचे त्याला परत! मधलं काही नाही.

विश्वासच्या जुन्या साहेबांनी त्याची खुर्ची अजून रिकामी ठेवली होती. "अपील फसलं तर पुढच्या सोमवारी ये," असं त्यांनी सांगून ठेवलेलं. म्हणजे आकडा भरला तर रानवाट, नाही तर पुणे. हे आम्ही तोंडानं कधी बोललो नाही, पण चहाच्या चौथ्या कपासारखं ते रोज आमच्यात असायचं.

*

आमची खोली सुभेदारांच्या घराच्या माडीवर. सुभेदार म्हणजे आमचे घरमालक. फौजेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण फौज त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. रोज सकाळी वर यायचे, दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "रिपोर्ट!"

दिग्या उठून उभा राहायचा. "सब ठीक, साहेब! ओढा वाहतोय, डोंगर पडला."

"डोंगर उचलो!" म्हणून सुभेदार खाली जायचे.

एकदा मात्र ते आत आले आणि स्क्रीनसमोर बसले. मी रानवाटेत एक छोटं गाव मांडलं होतं. लाल कौलं, मधोमध झाड, बाजूनं ओढा. मला ते फार गोड वाटत होतं. सुभेदारांनी चष्मा वर केला, खाली केला.

"गावाला मागनं रस्ता कुठाय?"

"मागनं कशाला, काका?"

"आवं, पुढनं हल्ला आला तर माणसं बाहेर पडायची कुठनं? हितं टेकडी हाय. वरनं मार बसंल. समदं गाव खल्लास!"

दिग्या म्हणाला, "साहेब, लढाईचा गेम न्हाई हो हा. बारक्या पोरांचा हाय. सशाचा."

सुभेदारांनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्यानं पहाऱ्यावर झोप काढली होती.

"मग सशाला तर जास्तच लागंल रस्ता! त्याच्याकडं बंदूक कुठं असती?"

सशाला मागचा रस्ता मिळाला. तो अजून आहे.

*

अपीलसाठी व्हिडिओ लागतो. मागणाऱ्यानं कॅमेऱ्यात बघून सांगायचं असतं, की आमची वस्तू किती छान आहे. आम्ही विश्वासला इस्त्रीचा शर्ट घातला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला नेऊन उभा केला आणि कॅमेरा चालू केला.

विश्वासनं सुरुवात केली ती रानवाट काय काय करू शकत नाही इथून! ओढा चढावर वाहतो, झाडं कधीकधी जमिनीत बुडतात, मोठा नकाशा उघडला की सगळं बंद पडतं. असं एकेक, शांतपणे, नीट समजावून.

"आरं गड्या, तू विकतोयस का तक्रार नोंदवतोयस?" दिग्या ओरडला.

"बाजारात मेंढरू न्हेलं तर आबा आधी लंगडा पाय दाखवतो," विश्वास म्हणाला. "घेणाराला मागनं कळलं, तर फुडच्या बाजारी त्यो आपल्याकडं फिरकत न्हाई."

आबा म्हणजे त्याचे वडील. त्यांचं नाव निघालं की विश्वास हलत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेवटी ऊन उतरलं, आणि आम्ही तोच लंगड्या पायाचा व्हिडिओ टाकला.

आणि लोकांना तो आवडला हो! "पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं," असं लिहिणारे धडाधड येऊ लागले. आम्ही एकमेकांना टाळ्या देत होतो, तेवढ्यात एक ओळ आली. लिहिणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. नावाच्या जागी नुसतं एक अक्षर, क्यू.

क्यूनं लिहिलं होतं, "तुम्ही एक दोष सांगायचा विसरलात."

खाली तो दोष लिहिला होता. विश्वासनं तपासून पाहिला. खरा होता!

त्या दिवसापासून त्या इसमाला आम्ही क्यूसाहेब म्हणायला लागलो.

*

वर्गणीचा किस्सा तर आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. विश्वासनं फोनवर आबांना क्राउडफंडिंग समजावून सांगितलं. फोन स्पीकरवर होता. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी वर्गणी की रं!"

"व्हय आबा, वर्गणीच."

"मग स्पीकरवर नाव पुकारता का देणाऱ्याचं?"

"न्हाई."

"मग देईल कोण?"

आम्ही हसलो. दिग्या हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो कुठूनसा जत्रेतला माइक घेऊन आला आणि त्यानं व्हिडिओ काढला. मागं सनई, आणि पुढं दिग्याचा तो पेटंट गावजत्रेचा आवाज: "फिनलंडचे दानशूर कार्यकर्ते, मान्यवर मिको यांजकडून रानवाटेस भरघोस देणगी! मंडळ त्यांचे शतशः आभारी आहे... आहे... आहे...!" तो शेवटचा घुमणारा आवाज दिग्या तोंडानंच काढायचा.

मिकोनं तो व्हिडिओ त्याच्या आईला दाखवला. आईनं देणगी दिली, तिचंही नाव पुकारायला लावलं. मग लोक नुसते नाव ऐकायला देऊ लागले. एकानं कुत्र्याच्या नावानं दिली. दिग्यानं "मान्यवर" लावून कुत्र्याचंही पुकारलं.

आणि एके दिवशी ब्राझीलच्या एका गृहस्थांचं रागाचं पत्र आलं. त्यांनी आधी देऊन त्यांचं नाव मागं आणि शेजारच्यानं नंतर देऊन त्याचं पुढं, हे काय चाललंय?

मी ते वाचून दाखवलं. खालून सुभेदार ओरडले, "बघा! म्हंजी दुनिया आपल्या गल्लीसारखीच हाय!"

*

या क्राउडफंडिंगमध्ये देणाऱ्याला काहीतरी भेट द्यायची असते. कुणाला पुस्तिका, कुणाला टोपी, आणि तीही आकडा भरल्यावर. आमच्या अपीलमध्ये मी लिहिलं होतं, "देणाऱ्यांचा साताऱ्याच्या पद्धतीनं सत्कार करण्यात येईल." छान वाटलं म्हणून लिहिलं.

दिग्यानं ते मनावर घेतलं. आपल्याकडं देणाऱ्याला ताटकळत ठेवत नाहीत. इकडं पावती फाडली की तिकडं टॉवेल-टोपी आणि नारळ! त्यानं बाजारातून लाल काठाचे पांढरे टॉवेल आणि गांधी टोप्या आणल्या, आणि अगदी सुरुवातीच्या देणाऱ्यांना पोस्टानं पाठवूनही दिल्या. नारळ पोस्टातल्या बाईंनी परत दिले, म्हणून सगळे वाचले. त्या नारळांची आम्ही आठवडाभर चटणी खाल्ली.

"आरं, आकडा भरायच्या आधीच सत्कार?" विश्वास डोक्याला हात लावून म्हणाला.

"मग काय, वर्गणी देणाऱ्याला सांगायचं, थांबा, आधी कळस चढू दे?"

महिन्याभरात फोटो यायला लागले. कुणी टोपी घालून बर्फात उभा. कुणी टॉवेल घेऊन पोहायला चाललेला. एका बाळाला त्या टॉवेलात गुंडाळलेलं. मी ते सगळे फोटो भिंतीला लावले.

क्यूसाहेबांचा फोटो अर्थातच नव्हता. ते रोज नवा दोष कळवायचे आणि देणगीदारांच्या यादीत कुठं क्यू नव्हता.

"फुकटा!" दिग्या म्हणायचा. "पैसा न्हाई दिला, आन् तोरा बघा!"

*

क्यूसाहेबांचा कॉम्प्युटर जुना होता. किती जुना, ते त्यांनी सांगितल्यावर दिग्या म्हणाला, "ह्याच्यावर भाकऱ्या थापत असंल." रानवाट त्याच्यावर टिकत नव्हती. रोज सकाळी क्यूसाहेबांचा निरोप यायचा.

"पडलं."

दुसऱ्या दिवशी, "आज लवकर पडलं."

दिग्याचं म्हणणं, एका माणसासाठी वेळ घालवू नये. नवा कॉम्प्युटर घे म्हणावं. बरोबरच होतं ते. मुदत संपत आली होती, आकडा निम्म्याच्या थोडा पुढं जाऊन अडला होता, आणि विश्वास एका भंगारातून आणलेल्या कॉम्प्युटरवर रानवाट चालवत बसला होता.

मी एकदा चिडले. म्हटलं, "विश्वास, तुला पुण्याला जायचंच आहे का?"

त्यानं भंगार कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. मग म्हणाला, "सुजाता, मेंढरं घिऊन निघालं, की समद्यात मागं जे लंगडं आसतं ना, त्याच्या चालीनं चालावं लागतंय. पळणाऱ्याच्या चालीनं गेलं, तर मुक्कामाला कळप न्हाई पोचत, चार मेंढरं पोचत्यात."

 मी त्याच्यासाठी झाडांची चित्रं हलकी करून दिली. दिग्यानं शिव्या देत देत ओढा पुन्हा लिहिला. त्या भंगार कॉम्प्युटरवर रानवाट चालायला लागली, आणि नव्यांवर तर उडायला लागली! जे इतके दिवस "जड आहे" म्हणून नाक मुरडत होते, तेही आले.

क्यूसाहेबांचा निरोप आला, "आज पडलं नाही."

आम्ही तिघं नाचलो. तेवढ्यात खाली दुसरी ओळ उमटली.

"त्यामुळे कंटाळा आला."

*

शेवटच्या दिवशी आकडा अगदी काठावर आला होता आणि तिथंच बसला होता. दुपारी चारला मुदत संपणार. सुभेदार सकाळी चहाच्या टपरीवर गेले आणि रिटायर फौजींची एक तुकडीच घेऊन आले. जिन्यापासून फाटकापर्यंत रांग, सगळ्यांच्या हातात कार्डं.

"सगळे देणार!" सुभेदार म्हणाले. "चलो, एक एक!"

पण अपीलची साईट परदेशी. पहिल्याच कार्डाला तिनं नाही म्हटलं. बँकेनं परदेशी व्यवहार बंद ठेवलेले. दुसऱ्या फौजींचा ओटीपी गेला पुण्यातल्या मुलाकडं, मुलगा मीटिंगमध्ये. तिसऱ्यांचा गेला सुनेकडं. तिनं फोन केला, "आप्पा, तुम्हाला कुणी फसवत नाही ना?" आणि उत्तराची वाट न बघता कार्डच बंद करून टाकलं! दिग्या एकेकाला बँकेचं ॲप उघडून देत होता. कुणाचा पासवर्ड विसरलेला, कुणाचा चष्मा घरी.

"सीमेवर पाठवताना कार्ड न्हाई इचारलं कुणी!" सुभेदार गरजले.

चार वाजले. स्क्रीनवरची हिरवी पट्टी काठाच्या अलीकडं थांबली, करडी झाली, आणि खाली अक्षरं आली, की सर्वांचे पैसे सर्वांना परत केले जातील.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? दिग्या भिंतीवरच्या फोटोंकडं बघत उभा राहिला. त्या टॉवेल-टोप्यांचं काय करायचं, परत मागवायच्या का, असं त्यानं उगीचच विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

सुभेदारांना ते सहन झालं नाही. "सत्कार परत घेत न्हाईत," ते म्हणाले. मग रांगेकडं वळून त्यांनी हुकूम सोडला, "माघार बी शिस्तीत घ्यायची! समद्यांना चहा!"

सगळी फौज आमच्या जिन्यावर बसून चहा प्याली. विश्वासनं गॅलरीत जाऊन पुण्याला फोन लावला. "सोमवारी येतो," एवढंच मला ऐकू आलं.

*

आता शेवटचा. हा मी नेहमी शेवटीच सांगते.

पुण्याला जायच्या आधी विश्वासनं रानवाटेचं सगळं काम इंटरनेटवर उघडं करून ठेवलं. "माझ्याच्यानं पुरं झालं न्हाई. ज्याला पायजे त्यानं न्यावं," अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलं. त्याला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिनलंडच्या मिकोनं ओढा दुरुस्त करून पाठवला. पैसे परत आले, मग हात तरी घ्या, असं त्यानं लिहिलं होतं. दुपारी ब्राझीलच्या त्या रागावलेल्या गृहस्थांनी झाडं बुडायची थांबवली. त्यांच्या शेजाऱ्यानं डोंगराचं काम घेतलं, अर्थात त्यांच्याआधी संपवायचं म्हणून! जपानमधल्या एका शिक्षिकेनं सगळी बटणं जपानीत आणली. चार दिवसांत दहा-बारा जण आपापलं काम सोडून रानवाटेत राबत होते. क्यूसाहेब तर प्रत्येकाच्या कामातले दोष काढत होते, झोपत कधी होते कोण जाणे!

"ही तर इर्जिक झाली की गड्या!" दिग्या म्हणाला.

इर्जिक ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एखाद्याचं रान नांगरायचं राहून गेलं, तर भावकी-शेजारी आपापली अवजारं घेऊन येतात आणि दिवसभर त्याच्या रानात राबतात. मजुरी घेत नाहीत. रानवाल्यानं फक्त सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आणि राबलेला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय रानवाल्याच्या घरचं कुणी घास उचलत नाही.

विश्वासनं हे आबांना फोनवर सांगितलं.  आबांनी विचारलं, "मग जेवायला काय केलंस?"

"आबा, ती माणसं परदेशात हायेत."

"आसतील. जेवत आसतीलच की!"

रविवारी दुपारी आबा साताऱ्याच्या स्टँडवर उतरले. खांद्यावर घोंगडं, एका हातात बाजरीच्या पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात मटणाचा डबा. सुभेदारांच्या बायकोनं खाली चूल पेटवली. विश्वासनं त्या दिवशी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलंच होतं, पण जेवायला नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार. आपण जातोय, यापुढं आपल्याला जमणार नाही, हे त्याला सगळ्यांना तोंडावर सांगायचं होतं.

आबांना त्यानं ते वर येतानाच सांगितलं. आबा म्हणाले, "जायचं तर जा बाबा. पन त्यास्नी उपाशी ठिवून जाऊ नगंस."

खोलीत पंगत मांडली. एका बाजूला आम्ही, सुभेदार, त्यांच्या घरचे. समोर टेबलावर मोठा स्क्रीन, त्यात चौकोनाचौकोनात माणसं. कुणाची सकाळ, कुणाची संध्याकाळ. आबांनी स्क्रीनसमोर तांब्या आणि ताट ठेवलं, रस्सा वाढला, भाकरी ठेवली, आणि हात जोडले. "जेवा म्हणावं."

सुभेदार पुढं सरसावले. "त्यांच्या वाटचं आम्ही जेवतो की!"

"न्हाई जी," आबा म्हणाले. "राबलं त्यानंच जेवायचं."

विश्वासनं कसंबसं इंग्रजीत समजावलं. आमच्याकडची रीत आहे, वडील आलेत, तुम्ही काहीतरी खाल्लंत तर ते जेवतील. चौकोनात गडबड उडाली. कुणी उठून गेलं, कुणी फ्रीज उघडला. मिको काळा पाव घेऊन आला. जपानच्या बाईंनी भाताची वाटी आणली. ब्राझीलचे दोघं शेजारी एकाच चौकोनात बसून एकाच ताटलीतलं काहीतरी खात होते! आबा एकेकाकडं बोट करून बघत होते आणि मान हलवत होते.

सगळ्यांचं खाऊन झालं. विश्वासनं घसा खाकरला. त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. "मित्रांनो," तो इंग्रजीत म्हणाला, "मला एक सांगायचंय..."

"थांब," आबा म्हणाले.

"काय झालं?"

"त्यो कोपऱ्यातला अजून जेवला न्हाई."

कोपऱ्यात क्यूसाहेबांचा चौकोन होता. काळा. मधे एक अक्षर. क्यूसाहेबांनी कधीच कॅमेरा लावला नव्हता, कधी तोंडातून शब्द काढला नव्हता.

"आबा, त्येंचा कॅमेरा बंद आस्तो," दिग्या हळूच म्हणाला. "बहुतेक माणूस बी नसंल तिथं."

"हाय की. कोपऱ्यात बसलाय." आबांनी मांडी नीट घातली. "लाजत आसंल. बसू आपुन."

आणि ते बसले! त्यांच्या ताटातला रस्सा निवत चालला. त्यांनी घास उचलला नाही, म्हणून विश्वासनं उचलला नाही, म्हणून आम्ही कुणीच उचलला नाही. सुभेदार सावधान होऊन बसल्यासारखे बसले होते. विश्वासनं खाली मान घालून इंग्रजीत म्हटलं, "क्यू, माझे वडील तुमच्यासाठी थांबलेत."

 मिको कॅमेऱ्याजवळ सरकला.

मग तो काळा चौकोन उजळला.

एक आजी होत्या. आबांच्या वयाच्या असतील. पांढरे केस, चष्म्याला दोरी, मागं छोटंसं स्वयंपाकघर. समोर सुपाची वाटी. आणि खांद्यावर लाल काठाचा पांढरा टॉवेल, दिग्यानं अगदी सुरुवातीच्या देणाऱ्यांना पाठवला होता तोच.

 भिंतीवरच्या फोटोंकडं आणि स्क्रीनकडं दिग्या आळीपाळीनं बघत राहिला.

आजींनी वाटीत चमचा बुडवला, आबांकडं बघून एक घोट घेतला. मग दुसरा. वाटी संपेपर्यंत आबा बघत होते. शेवटी त्यांनी रिकामी वाटी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली, आतून बाहेरून दाखवली.

"झालं," आबा म्हणाले, आणि त्यांनी भाकरी मोडली. "खा आता, विश्वासा. मग सांग तुला काय सांगायचं ते."

विश्वास जेवला. पोटभर जेवला. हात धुऊन आला, पंच्याला पुसले आणि स्क्रीनसमोर बसला. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत होतो.

"मोठे नकाशे अजून अडतात," तो म्हणाला. "उद्या सकाळी माझ्याबरोबर ते कोण घेतंय?"

कोपऱ्यातला चमचा सगळ्यांत आधी वर झाला.